‘मंडळात राजकारण नको’ म्हणजे नेमकं काय नको?

अमेरिकेतल्या आपल्या मराठी मंडळांत सणासुदीला भांडणं नकोत म्हणून ‘मंडळात राजकारण नको’ हा अलिखित नियम आला. हेतू चांगलाच होता. पण त्याच्या आडून जात आणि वर्णद्वेष हे विषयही हद्दपार झाले. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिअ‍ॅटलने जातिभेदावर बंदी घातली, पाठोपाठ कॅलिफोर्नियात तशाच बंदीचं एसबी ४०३ हे विधेयक आलं. आणि आपण बोललो ते व्हॉट्सॲपवर, म्हणजे बोललोच नाही.

व्याख्यान ठेवून हे भागणार नाही. वक्ता बोलतो, आभारप्रदर्शन होतं आणि प्रत्येकजण आपापलं मत जसंच्या तसं घेऊन पार्किंगकडे निघतो. वाद घालणं शिकवावं लागतं. मिनेसोटा विद्यापीठातल्या डेव्हिड आणि रॉजर जॉन्सन या भावांनी वर्गासाठी एक पद्धत बसवली आहे: चौघांचा गट, दोन जोड्या, दोन बाजू. समोरच्याचं म्हणणं त्याने मान डोलवेपर्यंत नीट सांगायचं. मग बाजू बदलायच्या आणि शेवटी बाजू सोडून चौघांनी मिळून काय पटतं ते ठरवायचं.

एसबी ४०३ घ्या. बाजू बदलल्यावर समर्थकाने मांडायचं, की वंशावरून भेदभाव आधीच बेकायदा आहे; जातीचा वेगळा उल्लेख झाला तर भारतीयांकडेच संशयाने पाहिलं जाईल. विरोधकाने मांडायचं, की कायद्यात जातीचा स्पष्ट उल्लेख नसेल तर दलित कर्मचाऱ्याला एचआरपुढे जात म्हणजे काय इथून सुरुवात करावी लागते. गव्हर्नर न्यूसम यांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये नकाराधिकार वापरला, तो आधीच्या कायद्यांकडे बोट दाखवून. त्याने विषय मिटला असं मानणाऱ्यांना तर दुसरी बाजू आवर्जून द्यावी.

दोन पथ्यं मात्र पाळायची. सभागृहात एकच दलित कुटुंब असेल तर ‘तुमचा अनुभव सांगा ना’ म्हणून त्यांना साक्षीला उभं करायचं नाही. गोड शब्दांतली ती उलटतपासणीच असते. आणि जातिभेद वाईट की नाही, यावर जोड्या लावायच्या नाहीत. वाद उपायांचा.

‘वर्णद्वेष हा अमेरिकेचा प्रश्न, आपला नव्हे’ हेही ऐकू येतं. पण जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामी संपवण्यासाठी झटलेल्या अमेरिकी लोकांना. उलट टोकाला भगतसिंग थिंड. आपण उच्चवर्णीय आर्य, म्हणून गोरे, म्हणून नागरिकत्वाला पात्र, असा त्यांचा दावा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२३ साली फेटाळला. जात पुढे करून गोरेपण मागितलं गेलं होतं!

माझ्या मते सुरुवात या खटल्यानेच करावी. शंभर वर्षांपूर्वीचा असल्याने तो कुणाच्या अंगावर येणार नाही. दिवाळीच्या स्टेजवर नको. मराठी शाळेच्या वर्गात, मोठी मुलं आणि पालक एकत्र बसवून. एसबी ४०३ पुढच्या महिन्यात.