विद्यापीठ आणि गांवाचें देणें

गेल्या महिन्यांत आमच्या घरीं एक लहानसा वाद झाला. वाद घरगुती खरा, परंतु त्यांतील प्रश्न घराबाहेरचा आहे. म्हणून तो वाचकांपुढें ठेवितों.

माझ्या धाकट्या बंधूंची नात यंदा बारावीची परीक्षा चांगल्या गुणांनीं उत्तीर्ण झाली. तिला राहुरीच्या कृषि विद्यापीठांत शिकून पुढें जुन्नरासच परत यावयाचें आहे. हें ऐकतांच बंधु म्हणाले, "अण्णा, पुण्यास एंजिनियरिंगला जागा मिळण्याजोगे गुण आहेत तिचे. शेतीच करावयाची तर विद्यापीठ कशास हवें? आणि विद्यापीठांत जावयाचें तर गांवीं परत कशास यावयाचें?"

दोन्ही प्रश्न वरवर पाहतां बिनतोड वाटतात. परंतु दोहोंच्या मुळाशीं समजूत एकच आहे: विद्यापीठ म्हणजे गांवांतून बाहेर काढणारी शिडी, माणूस वर चढला कीं शिडीचें काम संपलें. मीं पस्तीस वर्षें मुलांस शिकविलें, आणि प्रामाणिकपणें सांगावयाचें तर हीच समजूत त्यांच्या मनांत भरविली.

ज्या विद्यापीठांनीं आपापल्या प्रांताचें दैन्य हलकें केलें, त्यांचा इतिहास निराळें सांगतो. अमेरिकेंतील विस्कॉन्सिन प्रांताचें उदाहरण घ्या. गहूं पेरून पेरून तेथील जमीन निकस झाली, किडीनें उरलेंसुरलें नेलें, तेव्हां शेतकरी दुधाच्या धंद्याकडे वळले. परंतु दूध वजनावर घेतलें जाई. म्हणजे पाणी घालणारास आणि न घालणारास दाम सारखेंच. प्रामाणिक मनुष्यच तोट्यांत! १८९० सालीं तेथील विद्यापीठांतील स्टीफन बॅबकॉक या रसायनशास्त्रज्ञानें एक सोपी युक्ति काढिली. बाटलींतील दुधांत गंधकाम्ल मिसळावयाचें व बाटली वेगानें फिरवावयाची. म्हणजे स्निग्धांश सुटा होतो आणि गरम पाणी घातलें कीं बाटलीच्या अरुंद मानेंत चढतो. मानेवरच्या रेघा मोजल्या कीं दुधाचा कस कळला. या युक्तीचें पेटंट बॅबकॉकनें घेतलें नाहीं. ती ज्यास हवी त्यास मोकळी ठेविली. शेतकऱ्यांच्या मुलांसाठीं हिंवाळ्यांतील लहान वर्ग तर त्या विद्यापीठांत १८८५ पासूनच भरत होते.

आज जुन्नर-आंबेगांवांतील कोणत्याहि डेअरीवर सकाळीं जाऊन उभें राहावें. "आज फॅट किती लागली?" हा प्रश्न कानीं पडतोच. आपल्याकडे पुष्कळ वर्षें चाललेली रीत स्वित्झर्लंडांतील गर्बरची, आणि आतां तर यंत्र क्षणांत आंकडा दाखवितें. परंतु न्याय तोच. दाम पाण्याला नव्हे, दुधाच्या कसाला.

आपल्याकडे असें कांहीं घडलेंच नाहीं असें मात्र नव्हे. राहुरीचें महात्मा फुले कृषि विद्यापीठ १९६८ सालीं स्थापन झालें. पुणें जिल्हा त्याच्याच कार्यक्षेत्रांत येतो. नारायणगांवीं ग्रामोन्नति मंडळाचें कृषि विज्ञान केंद्र आहे, आणि शेजारच्या राजगुरुनगरास १९९८ पासून कांदा-लसूण संशोधनाची केंद्रीय संस्था आहे. विद्यापीठाचें 'एन-२-४-१' किंवा या संस्थेचें 'भीमा शक्ति' यांसारखें टिकाऊ वाण आणि तळाकडून हवा खेळती ठेवणारी बराख, एवढ्यानें काय साधतें? कांदा काढला त्याच दिवशीं पडेल त्या भावानें विकावयाचा, कीं चार महिने थांबावयाचें, हें ठरविण्याची मोकळीक शेतकऱ्यास मिळते. ही मोकळीक लहान नव्हे.

परंतु हें झालें पूर्वेकडील बागाइती भागाचें. पश्चिमेस, भीमाशंकर व नाणेघाटाकडील डोंगरांत, महादेव कोळ्यांचीं कुटुंबें उन्हाळ्यांत बाळहिरडा गोळा करतात. त्रिफळेंतील हाच तो हिरडा; कातडीं कमावण्यासहि तोच लागतो. तो वाळवून पोत्यांत भरला जातो आणि बहुतेक कच्चाच बाहेर जातो. पंचवीसएक वर्षांपूर्वीं मी वर्गांत 'हरीतकी' हा शब्द समजावून देत होतों. त्या बाजूचा एक विद्यार्थी उठून म्हणाला, "गुरुजी, आम्ही हा पोत्यानं विकतो, तरी दुकानातली चूर्णाची डबी आम्हांलाच महाग पडते. मधे असं काय होतं?" मीं उत्तर दिलें, "हें परीक्षेंत येत नाहीं. खालीं बैस." तो बसला. दहावीनंतर तो मुंबईस भाजीबाजारांत कामास गेला.

त्या एका प्रश्नांत वनस्पतिशास्त्र होतें, रसायन होतें, यंत्रविद्या होती आणि व्यापार होता. उत्तर शोधणें विद्यापीठाचें काम. परंतु प्रश्न तेथवर पोंचविणें माझें काम होतें, आणि मीं तो वर्गाच्या दारांतच अडविला. जुन्नरच्या लेण्यांतील सुमारें १८०० वर्षांपूर्वींच्या शिलालेखांत बुरूड, कांसार, धान्याचे व्यापारी यांच्या श्रेणींचे उल्लेख आहेत. कसब आणि संघटना या मातीस नवीन नाहींत. त्यांस शास्त्राची जोड मिळण्याचीच काय ती उणीव आहे.

हें सर्व मीं बंधूंस सांगितलें. ते थोडा वेळ स्तब्ध राहिले. मग म्हणाले, "सगळें खरें, अण्णा. पण ती शिकून परत आली आणि येथें पोटापुरतेंहि मिळालें नाहीं, तर?"

प्रश्न रास्त होता. त्यास खात्रीचें उत्तर माझ्यापाशीं नाहीं. मी एवढेंच म्हणालों, "दोनचार वर्षें बसली तरी तिचें ताट या घरांत वाढलेलें असेल. एकत्र कुटुंब आणखी कशासाठीं असतें?" दुसरे दिवशीं बंधूंनीं स्वतःच तिला अर्ज भरावयास बसविलें.

वाचकहो, मुलें विद्यापीठांत जावयास निघालीं म्हणजे फी, पुस्तकें, राहण्याची सोय यांची यादी आपण करतोंच. त्या यादींत गांवचा एक प्रश्नहि लिहून द्यावा. आमच्या नातीच्या हातावर मीं जातांना मूठभर हिरडे ठेवणार आहें. ते का ठेविले, हें तिला ठाऊक आहे.