शाळेच्या वाटेवर हक्क कोणाचा?

माळशेज घाट चढून आलेला कल्याण–अहिल्यानगर महामार्ग ओतूरवरून आळेफाट्याकडे जातो. जुन्नर तालुक्यातील कांदा व भाजीपाला याच रस्त्याने मुंबईच्या बाजारपेठेकडे धावतो. गळिताच्या हंगामात परिसरात उसाच्या ट्रॉल्यांची भर पडते. आणि याच रहदारीच्या कडेने, साइडपट्टीच्या धुळीतून, वाड्या-वस्त्यांवरची मुले ओतूरच्या शाळा-महाविद्यालयांची वाट तुडवीत असतात. मालासाठी रस्ता आहे, मुलांसाठी नाही. ही नजरचूक समजण्याचे कारण नाही; आपल्या नियोजनाचा वर्गस्वभावच येथे उघडा पडतो.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानुसार राज्याने नियम केले: पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत, आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत. सरकारने अंतर मोजले. त्या अंतरात मूल कशावरून चालणार, हे मात्र कोणी विचारले नाही. आठवीनंतर तर कायद्याचे बोटही सुटते. २०२२ साली देशात रस्ता-अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली, त्यांपैकी ३२,८२५ पादचारी होते. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुरक्षित पदपथ हा घटनेच्या एकविसाव्या कलमातील जीविताच्या हक्काचाच भाग असल्याचे बजावले. हा हक्क शहराच्या वेशीवर संपतो काय?

महामार्ग रुंद झाला की प्रश्न मिटेल, असे सांगणारे बरेच भेटतात. रुंद रस्त्यावर गाड्यांचा वेग वाढतो आणि तो ओलांडणे मुलांना अधिकच दुस्तर होते. दुसरे म्हणतात, स्कूलबस लावा. शेतमजुराने तिचे भाडे कोठून भरावे? तिसरे पालकांच्या जबाबदारीवर प्रवचन देतात. पण जी आई भल्या पहाटे दुसऱ्याच्या वावरात कांदा काढायला जाते, तिने मुलाचे बोट धरायचे तरी केव्हा? त्यात उसाच्या फडात बिबट्याचा वावर. अशी वाट धोक्याची ठरली की घरात पहिला निर्णय मुलीविरुद्ध होतो: बस् झाले शिक्षण!

बिहारने २००६ पासून नववीच्या मुलींना सायकली देण्याची योजना राबविली आणि शाळेतील मुलींची संख्या वाढली. पण सायकलीला वाटही लागते. हॉलंडच्या सायकलमार्गांचे आज कौतुक होते. ते कोणा दयाळू मंत्र्याने बहाल केलेले नाहीत. १९७१ साली त्या छोट्या देशात रस्त्यांवर चारशेहून अधिक मुले मेली, तेव्हा ‘बालहत्या थांबवा’ म्हणत आई-बाप रस्त्यावर उतरले. त्या लढ्याने सरकारला धोरण बदलणे भाग पाडले.

ओतूर परिसरात मागणी अवाजवी नाही. पाणंद रस्त्यांसाठी राज्याची योजना २०२१ पासून आहेच. शाळांना जोडू शकणाऱ्या पाणंदी अतिक्रमणमुक्त करून आधी बांधाव्यात. महामार्गालगत कठड्याने वेगळी केलेली पायवाट व सायकलवाट, शाळेच्या वेळी वाहनांच्या वेगाला लगाम, वळणांवर दिवे आणि वाटेच्या दोन्ही अंगांना पिकापासून मोकळी पट्टी, एवढे झाले तरी पुष्कळ होईल.

कार्यकर्त्यांनी आता निवेदनावर थांबू नये. वस्तीवस्तीवर जाऊन मुले कोणत्या वाटेने चालतात याचा नकाशा पालकांबरोबर करावा, तो ग्रामसभेत ठरावासह मांडावा आणि जिल्हा नियोजन समितीकडून निधीची तरतूद होईपर्यंत पाठ सोडू नये. ज्यांची मुले मोटारीने शाळेत जातात, त्यांना ही वाट कधीच तातडीची वाटणार नाही. ती तातडी संघटित शक्तीनेच निर्माण करावी लागेल.