ऑस्करचे लाड पुरे!

मित्रांनो, हॉस्टेलच्या टँकमधला ऑस्कर गोळ्या खात नाही म्हणून त्याला रोज जिवंत गोल्डफिश टाकणं, हे माझ्या मते प्रेम नव्हे, नुसते लाड. (माझं मराठी कॉन्व्हेंटचं, सांभाळून घ्या!) गोल्डफिशमधलं थायमिनेज बी-१ जीवनसत्त्व नष्ट करतं, दुकानातून रोग येतात ते वेगळेच. धडधाकट, मोठा ऑस्कर आठवडाभर उपाशी राहू शकतो. म्हणून चार दिवस काहीच टाकू नका. मग सोललेल्या कोळंबीचा तुकडा लांब चिमट्यात धरून पाण्यात हलवा. अ‍ॅमेझॉनचा शिकारी तो, हललं की झडप घालणारच! पुढे तुकडा नुसता सोडा, नंतर सोबत गोळ्या. उरलेलं लगेच काढा, नाहीतर अमोनिया वाढतो. आणि रात्री गुपचूप गप्पी सोडणाऱ्या दयाळू मंडळींनी प्लीज हात आवरावा, नाहीतर मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून.