संगणकाच्या गमती : पत्ता उसना, मुदत ठरलेली

बालमित्रांनो, वर्गात दोघांचा हजेरी क्रमांक सतराच असला तर? बाईंनी "सतरा" म्हटलं की दोघंही "हजर!" म्हणून उठतील. एकाचे गुण दुसऱ्याच्या नावावर जातील. शाळेच्या संगणक-खोलीतही असाच घोळ होऊ शकतो, बरं का!

तिथं जोडलेल्या प्रत्येक संगणकाला एक पत्ता लागतो. १९२.१६८.१.१७ असा, चार संख्यांचा. पूर्वी हे पत्ते एकेका यंत्रापुढे बसून हातानं भरावे लागत. चुकून दोघांना एकच पत्ता गेला, की दोघांचंही काम अडलंच!

यावर १९९३ साली एक नियमावली जाहीर झाली. तिचं नाव डीएचसीपी. राल्फ ड्रॉम्स यांनी ती लिहिली. तिच्यामुळे पत्ते वाटायचं काम एकच यंत्र करतं. त्याला म्हणायचं सर्व्हर. नवा संगणक आला, की असं बोलणं होतं :

"इथं पत्ते देणारं कुणी आहे का?"
"मी आहे. १०५ मोकळा आहे. चालेल?"
"चालेल, तोच द्या."
"दिला. आठ तासांसाठी!"

पण सर्व्हर मांडताना त्याला आधी काही गोष्टी सांगाव्या लागतात. कुठून कुठपर्यंतचे पत्ते वाटायचे? समजा, १०१ ते २००. किती झाले? ९९ म्हणालात ना? मोजा पाहू, पूर्ण शंभर! प्रिंटरचा पत्ता मात्र यांच्याबाहेरचा आणि कायमचा ठेवायचा. तो रोज बदलला, तर कागद छापायला पाठवायचा कुठं?

सर्वांत महत्त्वाची ती मुदत. समजा, आठ दिवसांची ठेवली. स्नेहसंमेलनाला आलेल्या पाहुण्यांच्या फोनांनी शंभरही पत्ते घेतले. पाहुणे रात्री घरी गेले, पत्ते मात्र त्यांच्याच नावावर अडकले! दुसऱ्या दिवशी नव्या संगणकाला द्यायला पत्ताच नाही. म्हणून जिथं पाहुणे फार, तिथं मुदत तासा-दोन तासांचीच बरी. रोजच्या संगणकांचं त्यात काही बिघडत नाही. निम्मी मुदत सरली, की ते आपणहून वाढवून मागतात. आपण ग्रंथालयातलं पुस्तक पुन्हा आपल्या नावावर लिहून घेतो ना, तसंच.

करून पाहा : आई-बाबांच्या मदतीनं घरातल्या दोन फोनांच्या वाय-फाय सेटिंगमध्ये त्यांचे पत्ते शोधा. सारखं काय, वेगळं काय?

आणि हे कोडं : ५० ते ७९ एवढेच पत्ते आहेत आणि संगणक आहेत ३१. सगळ्यांना एकाच वेळी पत्ते पुरतील का? उत्तर पुढच्या अंकात!