खोकल्याची बाटली सौदीला पाठवू नका

अलिबाग-रेवदंडा असो की भायखळा-माझगाव, आपल्यापैकी अनेकांच्या शेजारी मुसलमान घरं आहेत. त्यांच्यातलं कोणी हजला किंवा उमऱ्याला निघालं, कोणाचा मुलगा रियाधला, दमामला नोकरीवर परतू लागला, की आपण प्रेमाने काहीबाही बांधून देतो. ‘तिकडे खोकला फार होतो’ म्हणून घरातली औषधाची बाटलीही देतो. ती देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

खोकला होतो हे खरं. हजला लाखो माणसं दाटीने एकत्र येतात; हवा कोरडी, धूळ, बाहेर ऊन आणि आत एसी. पण आपल्याकडच्या काही खोकल्याच्या औषधांत कोडीन असतं. कोडीन अफूपासून निघतं आणि पोटात गेल्यावर त्याच्या काही भागाचं मॉर्फिन होतं. कोरेक्स, फेन्सेडिल ही नावं आपल्या पिढीला चांगली माहीत आहेत. त्यांत तेच होतं. वॉर्डात आम्ही मॉर्फिन कुलपात ठेवत असू आणि वहीत नोंद करून सह्या घेत असू. त्याचं भावंड मात्र घरोघरी उशाशी राहिलं.

सौदीत कोडीन, ट्रॅमाडॉल, काही झोपेच्या गोळ्या यांवर कडक नियंत्रण आहे. त्या नेण्याआधी तिथल्या अन्न व औषध प्राधिकरणाची परवानगी घ्यावी लागते, शिवाय डॉक्टरांची चिठ्ठी लागते. अमली पदार्थांच्या तस्करीला तिथे मृत्युदंडही आहे. बाटली दुसऱ्याने दिली, हे विमानतळावर कोण ऐकून घेणार? करंजीत घालतो ती खसखससुद्धा तिकडे चालत नाही, कारण ती अफूच्याच बोंडातली. आपलं प्रेम दुसऱ्याच्या पोराच्या गळ्याचा फास होऊ नये.

मग द्यावं काय? सल्ला द्यावा. मेंदूज्वराची लस हजला सक्तीची आहे. फ्लूची लस वयस्करांनी जरूर घ्यावी. गर्दीत मास्क लावावा, पाणी पीत राहावं. रोजची औषधं मूळ वेष्टनात, चिठ्ठीसकट, हातातल्या पिशवीत ठेवावीत. खोकला झालाच तर मक्का-मदिनेत भारतीय हज मिशनचे दवाखाने आहेत. उंटाचं कच्चं दूध पिऊ नये; 2012 साली सौदीतच ओळखला गेलेला मर्स हा श्वसनाचा आजार उंटांपासून माणसाला होतो. परतल्यावर 14 दिवसांत ताप, खोकला आला, तर डॉक्टरांना प्रवासाचं आधी सांगावं.

आता आपल्या स्वतःच्या उशाकडे पाहू. कोडीन आणि क्लोरफेनिरामिन एकत्र असलेल्या सिरपवर आपल्या सरकारने जून 2023 मध्ये बंदी घातली. तरी जुनी बाटली कपाटात असेल, तर तिच्यावरची बारीक अक्षरं नातवंडांकडून वाचून घ्या. म्हातारपणी कोडीनने बद्धकोष्ठ होतो, गुंगी येते, रात्री लघवीला उठताना तोल जातो आणि खुब्याचं हाड मोडतं. दम्याच्या रोग्याचा श्वास मंदावतो. सोबतच्या क्लोरफेनिरामिनने प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांची लघवी अडते.

साधा सर्दीचा खोकला बहुधा दोन-तीन आठवड्यांत आपोआप जातो. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या कराव्यात. झोपताना चमचाभर मध घ्यावा, मधुमेहींनी जपून. रक्तदाबासाठी एनालाप्रिल किंवा रामिप्रिल घेत असाल आणि कोरडी ढास थांबत नसेल, तर ती त्या गोळीचीही असू शकते. गोळी परस्पर बंद करू नका, डॉक्टरांकडून बदलून घ्या. खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला तर थुंकी तपासा. रक्त पडलं, धाप लागली, वजन उतरलं, तर दवाखाना गाठाच.

सौदीला निघालेल्या शेजाऱ्याला निरोप द्यायला जाल, तेव्हा त्याच्या बॅगेत इतरांनी दिलेल्या औषधांची एकदा विचारपूस करा. नावं वाचता आली नाहीत, तर जवळच्या केमिस्टला दाखवा. शंका असेल ती बाटली घरीच राहू द्या.