जातीचा रकाना साफ करण्याचे नियम कोण लिहिणार?

1911 च्या जनगणनेसाठी जनगणना आयुक्तांनी दहा कसोट्या घातल्या होत्या. ब्राह्मणांचे श्रेष्ठत्व कोण मानत नाही, ब्राह्मणाकडून मंत्र कोणाला मिळत नाही, देवळाच्या आत कोणाला जाता येत नाही, अशा त्या कसोट्या. बाबासाहेबांनी 1948 च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात त्यांची चर्चा केली आहे. कोण कुठे मोजला जाणार, हे मोजणीआधीच्या नियमाने ठरते.

आज असा नियम ठरवायला आयुक्त लागत नाही. नौपाड्यातल्या एखाद्या फ्लॅटमध्ये सर्वेक्षणाच्या डेटावर काम करणारा तरुण कर्सर, कोपायलट किंवा क्लॉड कोडला 'हा रकाना साफ कर' एवढेच सांगतो. बाकीचे यंत्र ठरवते. यंत्र दुष्ट नाही, ते रूढ पद्धत उचलते. मिळतीजुळती नावे एक कर, तुरळक गट 'इतर'मध्ये टाक, रिकाम्या ओळी काढ. दुकानाच्या विक्रीला हे चालेल. जातीला लावले की माणसे हिशेबातून गायब होतात.

मग डेटा साफच करू नये का? तसेही नाही. 2011 च्या सामाजिक-आर्थिक जात गणनेत जातींची सुमारे 46 लाख नावे आली. महाराष्ट्रातल्या अधिसूचित जाती 494, गणनेत मात्र 4,28,677, असे केंद्राने 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगितले. याच गोंधळाचे कारण पुढे करून ओबीसींची ती आकडेवारी राज्याला नाकारण्यात आली. म्हणजे न साफ केलेला डेटाही वंचितांच्याच मुळावर येतो.

म्हणून नियम आपण लिहिले पाहिजेत. या साधनांत प्रकल्पासाठी नियमांची फाईल ठेवता येते आणि काम करताना साधन ती वाचते. तिच्यात एवढे तरी असावे:

1. आडनावावरून जात ठरवू नये.
2. मूळ नोंद जशीच्या तशी ठेवावी. दुरुस्ती वेगळ्या रकान्यात, कारणासह करावी.
3. रिकामा रकाना 'खुला प्रवर्ग' धरू नये.
4. संख्या कमी म्हणून कोणतीही जमात 'इतर'मध्ये टाकू नये.
5. 'धर्म बौद्ध, प्रवर्ग अनुसूचित जाती' ही नोंद चूक समजू नये. 1990 च्या दुरुस्तीने बौद्धांना हा हक्क दिला आहे.
6. खरी नावे आणि आधार क्रमांक साधनाला दाखवू नयेत. बनावट ओळींवर कोड लिहून घ्यावा.

'फाईल लिहिली, काम झाले' असे समजणारे लोक कायदा झाला की अत्याचार थांबले असेही समजतात. यंत्र कधी नियम पाळते, कधी विसरते. म्हणून अंमलबजावणी कोडमध्येच हवी. साफसफाईच्या आधी आणि नंतर प्रत्येक प्रवर्गाच्या ओळी मोजाव्यात. फरक पडला आणि त्याचे कारण नोंदलेले नसेल, तर काम तिथेच थांबावे.

येत्या जनगणनेत जात मोजण्याचा निर्णय केंद्राने 30 एप्रिल 2025 रोजी घेतला. आपण मोजणीची मागणी केली, ती रास्त होती. आता पुढची मागणी करू या. जातीची नावे कोणत्या नियमाने एकत्र केली, ते नियम सरकारने आकड्यांसोबत जाहीर करावेत. आणि आयटीत शिकून पुढे गेलेल्या आपल्या मुलामुलींनी ते नियम वाचून तपासावेत. शिष्यवृत्ती, निधी आणि आरक्षणाचा वाद उद्या याच आकड्यांवर लढला जाणार आहे.

जयभीम!