मोजलेला वेग आणि पाहिलेला वेग

मोटार अपघाताची कोणतीही फिर्याद उघडून पाहिली, तर त्यात एक ठरीव वाक्य हमखास आढळते. आरोपीने आपल्या ताब्यातील वाहन ‘भरधाव वेगाने, हयगयीने व अविचाराने’ चालविले, असे ते वाक्य असते. हे ‘भरधाव’ म्हणजे ताशी किती किलोमीटर, याचा उल्लेख मात्र पुष्कळदा शोधूनही सापडत नाही. वाहन थांबवून चालकाला ‘फार वेगात होता’ एवढेच सांगणाऱ्या रस्त्यावरील शिपायाचीही स्थिती याहून निराळी नसते. यंत्राने वेग मोजलेला नसताना केवळ पोलिसांच्या नजरेच्या आधारे वाहनचालकावर खटला भरता येईल काय, आणि भरला तर तो टिकेल काय, हा प्रश्न म्हणूनच केवळ वकिलांच्या जिज्ञासेचा नाही. रोज रस्त्यावर उतरणाऱ्या प्रत्येकाचा तो प्रश्न आहे.

कायद्याचे उत्तर पुरेसे स्पष्ट आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ११२ अन्वये वेगाची मर्यादा ठरते आणि तिच्या उल्लंघनाची शिक्षा कलम १८३ मध्ये सांगितली आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर हा दंड हलक्या वाहनांसाठी एक ते दोन हजार रुपये, तर मध्यम व अवजड वाहनांसाठी दोन ते चार हजार रुपये असा आहे. त्याच कलमाच्या तिसऱ्या पोटकलमात एक महत्त्वाची अट आहे. वाहन बेकायदा वेगाने चालले होते असे केवळ एका साक्षीदाराचे मत असेल, तर तेवढ्यावर कोणालाही दोषी ठरविता येणार नाही. मात्र ते मत यांत्रिक वा इलेक्ट्रॉनिक साधनाने केलेल्या मोजणीवर आधारलेले असल्याचे दाखविले, तर ही आडकाठी उरत नाही. ‘इलेक्ट्रॉनिक’ हा शब्द २०१९ साली घातला गेला. अट त्यापूर्वीची, १९३९ च्या कायद्यापासून चालत आलेली आहे.

या अटीचे मूळ इंग्लंडमध्ये आहे. १९०३ च्या तेथील मोटार कायद्याने ताशी वीस मैलांची मर्यादा घातली, तेव्हाच एका साक्षीदाराच्या नुसत्या मतावर शिक्षा होऊ नये असेही बजावले. मोटार ही तेव्हा नवलाईची वस्तू होती. बैलगाडी व घोडागाडी पाहण्याची सवय असलेल्या डोळ्यांना कोणतीही मोटार वाऱ्याच्या वेगाने जाणारी वाटावी, हे स्वाभाविक होते. आपल्या पुराव्याच्या कायद्याचे सामान्य तत्त्व असे की, साक्षीदारांची संख्या महत्त्वाची नसून त्यांची विश्वसनीयता महत्त्वाची. एका साक्षीदारावर खुनाचा आरोपही शाबीत होऊ शकतो. असे असता वेगाच्या क्षुल्लक गुन्ह्याला अपवाद का? कारण उघड आहे. सुरा मारताना पाहणे ही घटना पाहणे होय. ताशी बहात्तर किलोमीटर वेग ‘पाहणे’ हा केवळ अंदाज होय.

तथापि या तरतुदीचा अर्थ तिच्या शब्दांपलीकडे ताणणेही योग्य नाही. ती खटला भरण्यास मनाई करीत नाही; विशिष्ट प्रकारच्या एकाकी पुराव्यावर दोषी ठरविण्यास मनाई करते. दोन साक्षीदारांनी एकाच वेळी, एकाच ठिकाणी तोच वेग पाहिला असेल, तर अटीची भाषा आड येत नाही. मात्र दोघांनी निरनिराळ्या क्षणी पाहिलेला वेग परस्परांना पुष्टी देत नाही, असे इंग्लंडमधील न्यायालयाने १९३८ मध्येच स्पष्ट केले. पाठलाग करणाऱ्या पोलीस गाडीच्या वेगमापकावरील आकडा, रस्त्यावर उमटलेल्या चाकांच्या खुणांवरून तज्ज्ञाने केलेले गणित, अथवा दोन ठिकाणांमधील अंतर व त्यास लागलेला वेळ, या गोष्टी निव्वळ मताच्या पातळीवर राहत नाहीत. दहा किलोमीटरचे अंतर पाच मिनिटांत कापले गेले असेल, तर सरासरी वेग ताशी १२० किलोमीटर होता. हा अंदाज नव्हे, अंकगणित आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०२४ पासून कार्यान्वित झालेल्या कॅमेरा-यंत्रणेत या सरासरीच्या पद्धतीलाही स्थान आहे.

कलम १८३ चे चौथे पोटकलम तर याहून पुढे जाते. वेगमर्यादा मोडल्याशिवाय पुराच होऊ शकणार नाही असा प्रवास ठरावीक वेळात करण्याचे वेळापत्रक कोणी प्रसिद्ध केले, किंवा तसा हुकूम दिला, तर ते वेळापत्रक वा तो हुकूमच त्याच्याविरुद्ध प्रथमदर्शनी पुरावा ठरतो. येथे कोणत्याही वाहनाचा वेग मोजण्याची गरजच राहत नाही. घरपोच माल काही मिनिटांत पोचविण्याची आश्वासने देणाऱ्या आजच्या व्यापाराच्या संदर्भात हे पोटकलम अधिक वापरले जावयास हवे होते. दंड मात्र भरावा लागतो तो दुचाकीवरील पोऱ्याला. घड्याळ लावणारा मालक मोकळाच राहतो.

प्रश्नाची दुसरी बाजू अधिक वेदनादायक आहे. कर्नाटक राज्याच्या एका अपिलात सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली असे सांगितले की, ‘अतिवेग’ हा सापेक्ष शब्द आहे. त्या परिस्थितीत अतिवेग म्हणजे काय, हे सांगणारा पुरावा सरकार पक्षाने आणलाच पाहिजे, आणि केवळ अतिवेगावरून बेपर्वाई सिद्ध होत नाही. त्या खटल्यात मालमोटार उलटून माणसे दगावली होती. तरीही चालक सुटला. निर्णय न्यायशास्त्राच्या दृष्टीने बिनचूक आहे. पण ज्या घरातला माणूस गेला, त्या घराला हे कसे समजवावे? दोष न्यायालयाचा नसून पंचनाम्याचा आहे. चाकांच्या खुणांची लांबी, रस्त्याची रुंदी, वळण, उजेड, वर्दळ यांची नोंद करण्याऐवजी ‘भरधाव’ हा एक शब्द लिहून तपास पुरा झाला असे समजले, तर न्यायाधीशाने तरी काय करावे?

केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते-अपघातांत १,६८,४९१ माणसे मरण पावली आणि त्यांतील सुमारे ७१ टक्के मृत्यू अतिवेगाच्या सदरात नोंदले गेले. हा आकडा राज्यांच्या पोलिसांनी पुरविलेल्या नोंदींवरच उभा आहे. म्हणजे जो शब्द न्यायालयात टिकत नाही, त्याच शब्दाच्या बेरजेवर आपले धोरण आधारलेले आहे. संकट खोटे आहे असे यावरून मुळीच ठरत नाही; त्याचे नेमके माप आपल्यापाशी नाही, एवढे ठरते.

मग अनुभवी पोलिसाच्या नजरेवर विश्वास टाकावा काय? अमेरिकेतील ओहायो राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये तसा कौल दिला. प्रशिक्षित अधिकाऱ्याचा नजरेचा अंदाज पुरेसा असल्याचे त्याने मानले. लोकांना ते रुचले नाही आणि पुढच्याच वर्षी तेथील विधिमंडळाने कायदा बदलून तो मार्ग बंद केला. आपल्याकडे, जेथे रस्त्याच्या कडेला दंडाची पावती आणि पावतीविना तडजोड यांतील अंतर कधी कधी फार थोडे असते, तेथे नजरेला असा अधिकार देणे अधिकच धोक्याचे ठरेल.

यंत्र हे अर्थातच ब्रह्मवाक्य नव्हे. म्हणूनच २०१९ मध्ये कलम १३६-अ आले. २०२१ च्या नियमांनी अशा उपकरणांना मान्यता-प्रमाणपत्र, रस्त्यावर पूर्वसूचनेचे फलक आणि पंधरा दिवसांत चालकाला नोटीस ही बंधने घातली. किराणा दुकानदाराचे वजन तपासून त्यावर शिक्का मारला जातो, तसा वेग मोजणाऱ्या रडारयंत्रावरही मारला जावा, यासाठी २०२५ मध्ये वैधमापनाचे नियम अधिसूचित झाले. हे सारे स्वागतार्ह आहे. परंतु बहुतेक लोक तडजोड-शुल्क भरून मोकळे होतात. कोर्टाच्या फेऱ्यांत रजा आणि मजुरी बुडविण्यापेक्षा हजार रुपये स्वस्त पडतात. त्यामुळे पुराव्याची परीक्षा क्वचितच होते, आणि परीक्षा न होणारा पुरावा हळूहळू सैल होत जातो.

तेव्हा वेग शाबीत करावयाचा असेल तर तो मोजला पाहिजे, यास पर्याय नाही. आणि मोजण्याची साधने द्रुतगती मार्गांपुरती न ठेवता, शाळेची मुले चालत जातात त्या जिल्हा-रस्त्यांवरही पोचली पाहिजेत. जेथे मोजता येत नाही, तेथे पोलिसांचे हात बांधलेले आहेत असेही नाही. वळणावर पुढे घुसणे, लाल दिवा ओलांडणे, गर्दीतून वाट काढीत वाहन दामटणे हे धोकादायक चालविणे कलम १८४ खाली गुन्हाच आहे, आणि त्यासाठी आकड्याची नव्हे, डोळ्यांनी पाहिलेल्या कृतीच्या काटेकोर वर्णनाची गरज असते. नजरेने जे दिसते ते नजरेने सांगावे, यंत्राने जे मोजावयाचे ते यंत्राने मोजावे. हा विवेक तपासात येईल तेव्हाच निरपराध चालकाला नाहक दंड बसणार नाही आणि बेपर्वा चालक एका मोघम शब्दाच्या आडोशाने सुटणार नाही.